छंद मंडळातली चढाओढ: पहिली व्हिज्युअल नॉव्हेल पायरीपायरीने

एक खोली, दोन पात्रं, चार दिवसांची गोष्ट आणि वीसेक मिनिटांत संपणारा खेळ. पहिल्या व्हिज्युअल नॉव्हेलसाठी एवढंच ठरवा, असं मी प्रत्येक नवख्याला सांगते. कॉलेजातल्या छंद मंडळातली हलकीफुलकी चढाओढ हा विषय या मापात छान बसतो. जागा एकच असते, माणसं मोजकी असतात. भांडणाचं कारण बाहेरच्यांना क्षुल्लक वाटतं आणि आतल्यांसाठी तेच सगळं जग असतं.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पडद्यावर मागे जागेचं चित्र असतं, पुढे पात्र उभं असतं आणि मजकूर वाचत क्लिक करत पुढे जायचं असतं. मध्येच दोन-तीन पर्याय येतात आणि तुम्ही जो निवडाल तशी गोष्ट वळते. हा प्रकार जपानमधला. १९९२ साली चुनसॉफ्टने 'साउंड नॉव्हेल' आणली आणि तिच्यावरून स्फूर्ती घेत लीफ या कंपनीने १९९६ मध्ये आपल्या मालिकेला 'व्हिज्युअल नॉव्हेल' असं नाव दिलं. पुढे ते साऱ्या प्रकाराचंच नाव झालं. त्या सुरुवातीच्या खेळांत मजकूर पूर्ण पडदा व्यापायचा. आज बहुतेक ठिकाणी तो खालच्या चौकटीत, एका वेळी एकाच पात्राचं एक वाक्य असा येतो. तुम्ही खालची चौकटच निवडा. टोमणा आणि त्यावरचं उत्तर यांच्यात एक क्लिक असणं ही या प्रकाराने विनोदी लेखनाला दिलेली मोठी देणगी आहे.

पहिली पायरी: भांडण कशावरून?

मंडळ कुठलंही चालेल: बुद्धिबळाचं, ओरिगामीचं, आकाशदर्शनाचं. अट एकच, त्या छंदातलं बारीकसारीक तुम्हाला स्वतःला ठाऊक हवं. मी इथे उदाहरणासाठी फोटोग्राफी मंडळ घेते, कारण त्यातलं मला कळतं.

भांडणाचं कारण एका चित्रात दिसेल इतकं ठोस ठेवा. 'कोण जास्त चांगला फोटोग्राफर?' हे कारण होऊ शकत नाही, ती नुसती चर्चा होते. 'वार्षिक प्रदर्शनाच्या भिंतीवर मधल्या खिळ्याला कोणाचा फोटो लागणार?' हे मात्र कारण आहे. खिळा दिसतो, त्याकडे बोट दाखवता येतं आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी पाहुणे येणार ही मुदतही आपोआप मिळते. मंडळाकडे ट्रायपॉड एकच आहे असं ठरवलंत, तर रोजच्या कुरबुरीचीही सोय झाली.

नवे लेखक इथे घाबरतात आणि कारण मोठं करायला जातात. मंडळ बंद पडणार, कुणाची शिष्यवृत्ती जाणार, कुणी कुणाला बदनाम करणार. असं काही आलं की गोष्टीचा हलकेपणा गेलाच. माझा नियम साधा आहे: शेवटी हरणाऱ्याला दुसऱ्या दिवशी मंडळाच्या खोलीत हसत यावंसं वाटलं पाहिजे. जे नुकसान भरून येत नाही ते या गोष्टीत नको.

दुसरी पायरी: प्रतिस्पर्धी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रतिस्पर्धी म्हणजे सतत खाली खेचणारा, नाक वर करून बोलणारा माणूस, असं समजून लिहिलेल्या गोष्टी दहा मिनिटांत कंटाळवाण्या होतात. मला तरी प्रतिस्पर्ध्याचं खरं लक्षण वेगळं वाटतं. तो तुमचं काम सगळ्यात बारकाईने बघणारा माणूस असतो. मित्र म्हणतात 'मस्त आलाय फोटो'. सावली कुठे जड झाली, कडेला कुणाचं कोपर कापलं गेलं, मागच्या महिन्यापेक्षा या खेपेला काय सुधारलं, हे फक्त त्यालाच दिसतं. चढाओढीतली गोडी या बघण्यात आहे. संपूर्ण खेळ त्याभोवती रचा.

आता दोघांना छंदाकडे बघण्याच्या दोन वेगळ्या, पण तितक्याच योग्य रीती द्या. समजा, रेवा कॅमेरा हातात धरून भटकत फोटो काढते, क्षण सापडला की टिपते. तन्मय ट्रायपॉड लावून उजेडाची वाट बघत तासभर थांबतो. दोघांची बाजू छंदाच्या भाषेत मांडता आली पाहिजे. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाने हातात धरून फोटो काढायचा तर शटर साधारण सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा सावकाश नसावा, नाहीतर हात हलल्याचं फोटोत दिसतं, हा जुना ठोकताळा. तन्मय तो नियम म्हणून सांगेल. रेवा म्हणेल, थोडा हलला तर हलला, पळणारं मूल पळताना दिसलं ना! आणि संपूर्ण खेळात दोघंही एकेकदा सपशेल बरोबर ठरले पाहिजेत. एकाच बाजूला सतत न्याय मिळाला की दुसरं पात्र नुसतं मार खायला ठेवलेलं दिसतं.

दोघांची पहिली भेट अशी लिहिता येईल:

तन्मय: क्षितिज डावीकडे कललंय.
रेवा: माहितीये. मुद्दाम.
तन्मय: मागच्या फोटोतही डावीकडेच होतं. त्याच्या आधीच्याही.
रेवा: तू माझे आधीचे फोटो बघून ठेवलेस?
तन्मय: …ट्रायपॉड कुठंय?

शेवटच्या ओळीत तो उत्तर देत नाही आणि तेच उत्तर आहे. टिंबांपाशी त्याचा चेहरा बदलायचा, गडबडलेला. 'तो लाजला' असं निवेदनात लिहायचं नाही, चित्र ते काम करतं. चित्राने सांगितलेलं शब्दांत पुन्हा सांगणं ही पहिल्या मसुद्यातली सगळ्यात सार्वत्रिक चूक आहे. मसुदा वाचताना अशी वाक्यं हुडकून काढून टाका.

वादातले फोटो पडद्यावर दाखवावेत का? माझं मत, दाखवू नयेत. तुम्ही दाखवलेला फोटो वाचकाला साधाच वाटला तर सगळ्या भांडणातली हवा जाते. फोटोसमोर माणसं कशी थबकतात, बोलता बोलता कशी गप्प होतात, ते लिहा.

तिसरी पायरी: मराठी आपल्या बाजूने वापरा

मराठीत लिहायला बसलात की पहिल्याच पानावर एक प्रश्न येतो. 'मी खोलीत आलो' की 'मी खोलीत आले'? खेळणाऱ्याने नायक किंवा नायिका निवडावी अशी सोय ठेवलीत, तर अशी प्रत्येक ओळ दोनदा लिहावी लागते. एक तर पात्र ठरवून टाका, जसं इथे रेवा. किंवा मग लिंग न दाखवणारी रचना वापरा, ती मराठीत भरपूर आहे. 'मी फोटो काढला', 'मला हसू आलं', 'माझ्या हातून झाकण पडलं', 'मला राहवलं नाही'. सकर्मक भूतकाळात क्रियापदाचं लिंग कर्माप्रमाणे ठरतं, त्यामुळे बोलणारा कोण ते कळत नाही. मात्र सगळा खेळ असा लिहिला की वाक्यं अवघडून बसल्यासारखी वाटू लागतात. पंचवीस-तीस ओळींवर ही युक्ती करा, उरलेल्यांना दोन रूपं ठेवा.

दुसरी गोष्ट माझ्या फार जिव्हाळ्याची आहे. 'आम्ही' आणि 'आपण' हा फरक आपल्याकडे आहे, कित्येक भाषांत तो नाही. पहिल्या दिवशी तन्मय मंडळात नव्या आलेल्या रेवाला म्हणतो, 'आम्ही प्रदर्शनाला चौकटी काळ्याच वापरतो.' या 'आम्ही'त रेवा नाही. तिलाही ते लागतं. मग तीन दिवस तो 'आम्ही' आणि 'तू' यांतच बोलतो. आणि चौथ्या दिवशी, दिवे लावायच्या गडबडीत, सहज म्हणून जातो, 'आपली भिंत बरी दिसतेय.' त्यावर कुणी काही बोलायचं नाही. निवेदनाने तर मुळीच नाही. रेवा फक्त एक क्षण हातोडी खाली ठेवते. एका सर्वनामात अख्ख्या गोष्टीचं फळ देता येतं. अट एवढीच की त्याआधी चुकूनही त्याच्या तोंडी रेवाला धरून 'आपण' आलेलं नसावं. लिखाण झालं की 'आपण', 'आपला', 'आपली', 'आपलं' शोधून प्रत्येक जागा तपासा.

एकाच वर्गातली मुलं पहिल्या दिवसापासून 'तू'च म्हणतील, तेव्हा 'तुम्ही'वरून 'तू'वर येण्याचं नाट्य इथे ओढून आणू नका. चिडवण्यासाठी 'अहो अध्यक्षसाहेब' किंवा 'या मॅडम' मात्र झकास चालतं. आडनावाने हाक मारण्यावरून नावाने हाक मारण्यावर येणं हीदेखील एक पायरी होते, पण 'आपण'ची जागा ठेवली असेल तर दोन्ही एकाच खेळात नकोत.

चौथी पायरी: फाटे आणि त्यांचा हिशोब

प्रत्येक वेळी दोन पर्याय आणि प्रत्येक पर्यायाची वेगळी गोष्ट, असं ठरवलं तर तीन निवडींनंतर आठ गोष्टी होतात आणि दहा निवडींनंतर १,०२४. म्हणून फाटा फुटतो, पाच-दहा ओळी वेगळा चालतो आणि पुन्हा मूळ वाटेला मिळतो, अशीच रचना करतात. वेगळेपण लक्षात ठेवण्यासाठी चल, म्हणजे व्हेरिएबल, वापरायचे. दोन पुरे: एक 'कुरघोडी', एक 'मोकळेपणा'. रेवाने ट्रायपॉड आधीच पळवला तर कुरघोडीत एक वाढवा. तिने तन्मयच्या फोटोबद्दल खरं मत सांगितलं तर मोकळेपणात एक वाढवा. शेवट या दोन आकड्यांवरून ठरतो. शिवाय चार-पाच छोट्या आठवणी 'हो की नाही' स्वरूपात साठवा. दुसऱ्या दिवशी ट्रायपॉड लपवला असेल तर चौथ्या दिवशी तन्मयने तो स्वतःच आणून रेवापुढे ठेवावा, 'शोधायला लागू नये म्हणून'. अशा एका ओळीने खेळणाऱ्याला आपलं वागणं लक्षात ठेवलं गेल्याचं कळतं. त्यापुढे मोठा फाटाही फिका वाटतो.

पर्याय लिहिताना एक कसोटी लावा: दोन्ही गोष्टी कराव्याशा वाटतात का? 'त्याला मदत कर' आणि 'त्याला त्रास दे' ही निवड नव्हे, ती परीक्षा झाली. त्याऐवजी हा प्रसंग बघा. पाहुणे यायला दोन मिनिटं उरलीत. तन्मयचा फोटो कुणीतरी घाईत वाकडा टांगलाय, डावीकडे कललेला. पर्याय तीन:

गुपचूप सरळ कर.
त्याला हाक मारून दाखव: 'क्षितिज डावीकडे कललंय.'
तसाच ठेव, त्याने स्वतःच बघायला हवं.

तिन्ही रेवाला शोभतात. तिसराही दुष्ट नाही. ज्याने तीन दिवस तिची क्षितिजं मोजली, त्याला आपलं वाकडं दिसतं का हे तिला बघायचंय. मधला पर्याय पहिल्या दिवशीचं वाक्य परत करतो, म्हणून बहुतेक जण तोच निवडतील. त्यामुळे त्याचं फळ नीट लिहा.

शेवट तीन ठेवा: मधला खिळा रेवाला, मधला खिळा तन्मयला आणि दोन्ही फोटो शेजारी, मध्ये रिकामा खिळा. तिसरा शेवट गोड आहे, म्हणून नवखे लेखक त्यालाच खरा शेवट मानतात आणि उरलेले दोन शिक्षेसारखे उरकतात. तसं करू नका. ज्याने जिंकण्यासाठी खेळ खेळला त्याला जिंकल्याचा निखळ आनंद मिळू द्या. आणि हरल्यावर रेवाने तन्मयच्या फोटोसमोर उभं राहून पहिल्यांदा तो नीट बघावा. मला विचाराल तर तिन्हींत सुंदर शेवट हाच आहे.

हे सगळं आधी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून काढा. एका फेरीत वाचला जाणारा मजकूर साधारण तीन हजार शब्दांचा असू द्या. चौकटीत एका वेळी दोन ओळी, फार तर तीन.

पाचवी पायरी: साधन

नवख्यांसाठी मी रेनपाय हे व्हिज्युअल नॉव्हेल बनवण्याचं सॉफ्टवेअरच सुचवते. टॉम रॉथमेल यांनी २००४ मध्ये ते पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे आणि तुमचा खेळ विकायचा असला तरी पैसे द्यावे लागत नाहीत. नावातला 'रेन' जपानी 'रेनआय', म्हणजे प्रेम, या शब्दातला आणि 'पाय' पायथॉन भाषेतला. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी अडत नाही.

लाँचर उघडून नवा प्रोजेक्ट करा, आकार १९२० बाय १०८० ठेवा. 'गेम' फोल्डरमध्ये काही फाइली तयार होतात. त्यातल्या 'स्क्रिप्ट' नावाच्या फाइलमध्ये तुमची गोष्ट जाते. सुरुवातीला सहा-सात आज्ञा पुरतात: पार्श्वभूमी बदलायला 'सीन', पात्र आणायला 'शो', काढायला 'हाइड', प्रसंगाला नाव द्यायला 'लेबल', तिकडे जायला 'जंप', पर्यायांसाठी 'मेनू' आणि चल जाहीर करायला 'डिफॉल्ट'. या आज्ञा इंग्रजीत टाइप कराव्या लागतात, संवाद मात्र थेट देवनागरीत. ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागांना इथे अर्थ असतो. मेनूखालचे पर्याय आत सरकवले नाहीत तर खेळ सुरूच होणार नाही. चल नेहमी 'डिफॉल्ट'नेच जाहीर करा, म्हणजे खेळ साठवताना त्याची किंमतही नीट साठवली जाते.

देवनागरीसाठी दोन कामं करावी लागतात. रेनपायच्या मूळ फॉन्टमध्ये आपली अक्षरं नाहीत, म्हणून पहिल्यांदा चालवताना नुसते चौकोन दिसतात. त्यात तुमची काही चूक नसते. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता हे मुक्त परवान्याचे फॉन्ट आहेत. त्यांपैकी एकाची फाइल 'गेम' फोल्डरमध्ये टाका आणि 'जीयूआय' फाइलमध्ये जिथे जिथे फॉन्टचं नाव आहे तिथे हे नाव लिहा: संवादाचा, नावाचा आणि बटणांचा फॉन्ट वेगवेगळा दिलेला असतो. दुसरं काम, रेनपायची नवीन आवृत्तीच घ्या. जुन्या आवृत्त्यांत ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी पडते आणि जोडाक्षरं फुटतात. 'स्थिर', 'क्षितिज', 'दुसऱ्या' आणि 'प्रदर्शन' हे चार शब्द एका ओळीत लिहून आधी तेवढेच तपासा. ते नीट उमटले तर पुढे जा.

काम करताना खेळ चालूच ठेवा. स्क्रिप्टमध्ये बदल करून साठवला आणि शिफ्ट धरून 'आर' दाबलं की बदल लगेच पडद्यावर येतो.

सहावी पायरी: चित्रं आणि आवाज

तन्मयचं उभं चित्र एक आणि चेहरे पाच: नेहमीचा, भुवई उंचावलेला, चिडलेला, गडबडलेला, हसणारा. शरीर एकदाच काढून चेहरे वर बसवता येतात, त्यासाठी रेनपायमध्ये 'लेयर्ड इमेज' ही सोय आहे. रेवाच्या डोळ्यांनी आपण बघतोय, म्हणून ती पडद्यावर दिसली नाही तरी चालतं. पार्श्वभूमी दोन: मंडळाची खोली आणि प्रदर्शनाची भिंत. खोलीचा दिवस-संध्याकाळ असा फक्त रंग बदललात तरी नव्या जागेचा भास होतो. हसणारा चेहरा मात्र जपून वापरा. पहिल्या दोन दिवसांत तो एकदाही आला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याची किंमत कळते.

चित्र काढता येत नसेल तर मुक्त परवान्याची चित्रं आणि संगीत घ्या, पण परवाना वाचून. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स हे परवाने. सीसी शून्य असेल तर कुठलीच अट नाही. सीसी बाय असेल तर श्रेय द्यावंच लागतं. एनसी असेल तर व्यावसायिक वापर नाही, एनडी असेल तर बदल करता येत नाही. फाइल उतरवतानाच तिचं नाव, कर्ता आणि परवाना एका यादीत लिहा. नंतर शोधत बसणं फार जिकिरीचं होतं. आवाजांत शटरची 'क्लिक', हातोडीचा ठोका आणि दोन सुरावटी एवढं पुष्कळ.

सातवी पायरी: तपासणी

लाँचरमध्ये 'लिंट' नावाची तपासणी आहे. न सापडणारी चित्रं, चुकलेल्या उड्या यांची ती यादी देते आणि एकूण शब्दही मोजून सांगते. पण विनोद साधला का हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी एका माणसाला तुमच्यासमोर खेळायला बसवा आणि तुम्ही गप्प राहा. खेळणारा कुठे भराभर क्लिक करतो, कुठे थांबतो, माउसचं चाक फिरवून कुठली ओळ परत वाचतो, ते लिहून घ्या. परत वाचलेली ओळ एक तर आवडलेली असते, नाहीतर न कळलेली. खेळ संपल्यावर तेवढंच विचारा. मग तिन्ही शेवट स्वतः खेळा, प्रत्येक वेळी मध्येच साठवून, खेळ बंद करून, पुन्हा उघडून.

आठवी पायरी: लोकांपर्यंत

रेनपाय विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि ब्राउझर या सगळ्यांसाठी खेळ बांधून देतं. पहिल्या छोट्या खेळाला ब्राउझरची आवृत्ती उत्तम, कारण कुणाला काही उतरवून घ्यावं लागत नाही. इच डॉट आयओ या खेळ प्रसिद्ध करण्याच्या संकेतस्थळावर पान तयार करा, झिप फाइल चढवा आणि ती ब्राउझरमध्ये खेळायची आहे असं सांगणारी खूण करा. चढवल्यावर फोनवरही एकदा उघडा. संगणकावर ऐसपैस वाटणारी अक्षरं फोनवर बारीक होतात.

मुदत घालून घेतल्याशिवाय काम हलत नसेल तर दरवर्षी मार्चमध्ये भरणाऱ्या नॅनोरेनोत उतरा. २००५ पासून चालत आलेला हा उपक्रम आहे: महिनाभरात एक व्हिज्युअल नॉव्हेल पुरी करायची. माझ्या मते त्या महिन्याची वाटणी अशी असावी: लेखनाला दोन आठवडे, चित्रं आणि जोडणीला दीड आठवडा, तपासणीला उरलेले दिवस. लेखन पंधराव्या दिवशी संपलं नाही तर चौथा दिवस तसाच ठेवा आणि दुसरा किंवा तिसरा दिवस अख्खा कापा. फक्त तन्मयने पहिल्या दिवशी म्हटलेलं 'आम्ही' कापू नका, चौथ्या दिवशी ते लागणार आहे.